खळ्यावरची खुशाली

भाताची झोडणी सुरू झाली, खालच्या अंगाला खळ्यांवरून धप्प धप्प आवाज यायला लागले, आणि चिमाजी न्हाव्याच्या ध्यानात आलं की यंदा बलुतं आणायला घरात माणूस नाही.

त्याची बायको गोजरबाई श्रावणात गेली. कावीळ झाली होती. आधी डोळे पिवळे झाले, मग पोटाला सूज आली. घोडेगावच्या डॉक्टरनं पुण्याला न्या म्हणून सांगितलं. मंचर यायच्या आधीच जीपमध्ये तिनं चिमाजीच्या मांडीवर मान टाकली. जीपवाल्यानं तिथंच गाडी वळवली आणि येतानाचं भाडं घेतलं नाही. चिमाजीला त्या दिवसातलं तेवढंच नीट आठवत होतं.

लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. वर्षभर शिनोलीच्या दाढ्या आणि डोकी चिमाजीनं करायची. सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन धान्य गोजरनं आणायचं. चिमाजी खळ्यावर कधी गेला नाही. वस्तरा धरणाऱ्या हातानं टोपली धरू नये, असं तो म्हणायचा. गोजर काही म्हणायची नाही. दिवस मावळायला ती डोक्यावर पाटी घेऊन यायची, पाटीतलं भात कणगीत ओतायची आणि पदराला बांधलेलं गाठोडं वेगळं सोडायची.

"ही खुशाली," म्हणायची.

बलुतं घरटी ठरलेलं होतं. त्याच्या वर माणूस आपल्या मर्जीनं जे देईल ती खुशाली. सगळ्यात मोठी खुशाली सयाजी पाटलाच्या खळ्यावरून यायची. दुसऱ्या दिवशी चिमाजी फाट्यावर कुशाबाच्या चहाच्या टपरीवर बसला की ती गोष्ट निघायचीच. पाटील माझ्या हातावर खूश आहे, गालावरून मांजराचं शेपूट फिरावं तसा वस्तरा फिरतो म्हणतो, असं तो दहा जणांत सांगायचा. कुशाबा हसायचा आणि त्याच्या कपात दुधाचा थेंब जास्त टाकायचा. त्या खुशालीच्या भातात खडे मात्र फार निघायचे. गोजर सूप घेऊन उंबऱ्यात निवडत बसायची. चिमाजी म्हणायचा, पाटलाची जमीनच खड्याची.

यंदा त्यानं पोतं खांद्यावर टाकलं आणि स्वतः निघाला.

सयाजी पाटलाचं खळं घोड नदीच्या बाजूला होतं. फळीवर पेंढ्या आपटत गडी उभे होते. त्यांच्या पाठी घामानं काळ्या झाल्या होत्या आणि त्यांवर भाताचं कूस चिकटलं होतं. सयाजी बाजेवर बसून सुपारी कातरत होता. माणूस तसा वाईट नव्हता. चिमाजीला बघून त्यानं सरकून जागा दिली, गोजरची चौकशी केली, बाई लई गुणाची होती म्हणाला. मग गड्याला सांगून बलुतं मापून पोत्यात घालायला लावलं.

पोत्याचं तोंड धरून चिमाजी उभाच राहिला.

"आता रं काय?" सयाजीनं विचारलं.

"खुशाली, पाटील."

सयाजीनं सुपारी गालात सरकवली. क्षणभर त्याला उमगलं नाही. मग तो हसला आणि खळ्याच्या कडेला पडलेल्या खराट्याकडे हात केला.

"मग लोट की खळं. गोजर लोटायची. झोडणी आटपली की समदं खळं लोटून काढायची, मातेरं पाखडायची, त्यातनं निघंल ते तिचं. मी कदी मापून घेतलं न्हाई."

पेंढ्या आपटणारे गडी थांबले नाहीत, पण आवाज जरा मंद झाला. बयाबाई म्हणून एक म्हातारी मजूर पेंढा रचत होती. तिनं खराटा उचलला, आणून चिमाजीच्या हातात दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, एवढं काही अवघड नाही, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा म्हणजे झालं. ती चांगल्या मनानं सांगत होती.

चिमाजीनं खराट्याकडे पाहिलं. मूठ धरायची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. खाली जमिनीवर सारवण उखडलं होतं आणि माती, शेण, कूस यांच्यात भाताचे दाणे मिसळले होते. हेच तो इतकी वर्षं खात आला होता. हेच तो कुशाबाच्या टपरीवर सांगत आला होता.

त्यानं खराटा खाली ठेवला. पोतं उचललं, उलटं धरलं आणि बलुत्याचं भात पाटलाच्या राशीवर परत ओतलं.

"अरं, हे काय करतो? बलुतं तुजं हक्काचं हाय," सयाजी म्हणाला.

"आजपासनं न्हाई. आता दाढी केली की त्याच येळला रोख घीन."

"आन खुशाली?"

"ती बी नको. कुनाचीच नको."

रिकामं पोतं घेऊन तो घरी आला. रत्ना, त्याची मुलगी, चुलीपाशी होती. लग्नाला आलेली पोर, आईसारखीच उंच आणि कमी बोलणारी. त्यानं तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का. रत्नाला ठाऊक होतं. लहान होती तेव्हा ती आईबरोबर जायची, सूप धरायची, धुळीनं दोघींना खोकला यायचा. घरी यायच्या आधी ओढ्यावर तोंडं धुवायची, केसातलं कूस काढायचं, मग यायचं. आईनं शपथ घातली होती.

"का?" चिमाजी म्हणाला.

रत्नानं भाकरी उलटली.

"आई म्हनायची, त्यांना वाटू दे लोक हातावर खूश हायेत. त्यानं त्यांचा हात चांगला चालतो."

चिमाजी उठून पडवीत गेला. धोकटीतून वस्तरा काढला आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार लावत बसला. धार होतीच. तरी तो बराच वेळ लावत राहिला.

घोडेगावात त्याचा मावसभाऊ सावळाराम सलून चालवायचा. त्याच्याकडे मागच्या खोलीत एक जुनी खुर्ची पडली होती, मान टेकायला उशी असलेली. ती त्यानं चिमाजीला दिली आणि देताना शहाणपणही दिलं. गिऱ्हाइकाला सुटे पैसे सावकाश परत करायचे. कॉलर शेवटी झटकायची आणि झटकून झाल्यावर लगेच बाजूला व्हायचं नाही. आरसा मागून धरायचा, डोकं मागून कसं दिसतं ते दाखवायचं, म्हणजे माणसाला वाटतं याला काहीतरी वर द्यावं. कुणाच्या घरात लग्न आहे, कुणाला नोकरी लागली, एवढं ध्यानात ठेवायचं. चिमाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याला वरचं काही नको म्हणाला.

"येडा हायेस. दरात पोट भरत न्हाई, वरच्यात भरतं," सावळाराम म्हणाला.

"माजं वरच्यात भरत व्हतं. कसं भरत व्हतं ते बघून आलोय."

सावळारामनं मग जास्त ताणलं नाही. खुर्ची एसटीच्या टपावर चढवायला मात्र तो आला, आणि गाडी सुटता सुटता सांगून गेला की शिनोलीत येऊन काम घोडेगावचा कुणी करणार नाही. दुसऱ्याच्या गावात जाऊन वस्तरा उघडायचा नाही, हा त्यांच्या जातीत जुना रिवाज होता. भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण हा रिवाज कुणी मोडला नव्हता.

फाट्यावर कुशाबाच्या टपरीला लागून चिमाजीनं पत्रे उभे केले. भिंतीला आरसा लावला, ब्लेड बसवायचा नवा वस्तरा आणला. रत्नानं एका पत्र्यावर निळ्या रंगानं लिहून दिलं: दाढी चार, कटिंग आठ, वर काही ठेवू नये.

त्या शेवटच्या ओळीवर गाव महिनाभर हसलं.

पहिली खोड सयाजीच्या पुतण्यानं, भिमाजीनं काढली. दाढी केली, चार रुपये दिले आणि जाताना साबणाच्या वाटीखाली एक रुपया सरकवून मोटरसायकलला किक मारली. चिमाजी दुसऱ्या गिऱ्हाइकाला साबण लावत होता. त्याला तसाच सोडून तो रस्त्यात धावला, गाडीचं हँडल धरलं आणि रुपया भिमाजीच्या खिशात कोंबला. टपरीवरची माणसं हसून लोटपोट झाली. मग तो खेळच झाला. कुणी टॉवेलच्या घडीत नाणं ठेवायचं, कुणी पावडरच्या डब्यात, कुणी खुर्चीच्या उशीखाली. रत्ना दुपारी गरम पाणी घेऊन आली की झाडताना नाणी सापडायची. चिमाजी दुकान बंद केल्यावर घरोघर जाऊन ती परत करायचा. कुणाचं ते कळलं नाही तर ज्याच्यावर संशय असेल त्याला द्यायचा. एकदा देवळापुढं पोरांचा घोळका बसला होता. त्यांच्यात जाऊन त्यानं भिमाजीच्या पुढ्यात नाणं ठेवलं.

"तुमचं ऱ्हायलं व्हतं."

"अरं, खुशीनं दिलं मी, चिमातात्या."

"मला खुशीनं नको. मला दरानं पायजे."

त्या दिवशी हसणारी पोरं थोडी कमी हसली. पुढं खेळ आपोआप बंद पडला. खेळ बंद पडला तसं गिऱ्हाईकही कमी झालं. सयाजीच्या भावकीतले लोक घोडेगावला जायला लागले. जीपचं भाडं वेगळं पडायचं, अर्धा दिवस मोडायचा, पण जायचे. काहीजण दाढी वाढवून हिंडायचे आणि कुणी विचारलं तर नवस आहे म्हणायचे. रत्नाला पाटलाच्या वावरात कामाला येऊ नको म्हणून निरोप आला. तिनं निरोप आणणाऱ्या बयाबाईला गूळपाणी दिलं आणि पाटलाला सांगायला लावलं की मी आता यायची नव्हतेच.

खरी गोष्ट अशी की कणगी रिकामी होती. रत्ना नाचणीच्या भाकरी थापायची आणि स्वतःची लहान थापायची. चिमाजीला दिसत होतं. पाटलाच्या घरी जाऊन नुसतं हात जोडले असते तरी पोतं भरून भात घरी आलं असतं, हेही त्याला कळत होतं. सकाळी तो पत्रे उघडायचा, आरसा पुसायचा, रिकाम्या खुर्चीमागं उभा राहायचा. बसायचा नाही. बसलो तर लोकांना वाटेल हरला, असं त्याला वाटायचं. मग पोटऱ्या ठणकायच्या.

माघात सयाजीच्या थोरल्या पोराचं, सुनीलचं लग्न निघालं. मांडवात नवरदेवाची दाढी करायची, त्याला आरसा दाखवायचा, आणि मग पाहुण्यांनी आरशावर पैसे टाकायचे, ही पद्धत. न्हावी नसेल तर हळद अडते. सयाजीनं घोडेगावला माणूस धाडला. सावळारामनं नाही म्हटलं. मंचरला धाडला. तिथल्यानं गावाचं नाव विचारलं आणि तोही नाही म्हणाला.

त्याच आठवड्यात एका सकाळी सोपान दुकानापुढं येऊन उभा राहिला.

सोपान बौद्ध वस्तीतला. डिंभ्याच्या कालव्यावर नोकरीला होता, गावात भाताचं वावरही होतं. चिमाजी आणि तो एका वर्गात शिकले होते. पण त्या वस्तीतल्या गालाला चिमाजीच्या बापानं वस्तरा लावला नव्हता आणि चिमाजीनंही लावला नव्हता. बलुत्यात ती घरं नव्हतीच. कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. ती माणसं घोडेगावला जायची, नाहीतर एकमेकांची करायची.

सोपाननं पत्र्यावरचं वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं.

"नंबर हाय का?"

"न्हाई," चिमाजी म्हणाला.

"मग बसू? यात कुनाचं नाव लिव्हलेलं दिसत न्हाई."

चिमाजीनं रस्त्याकडे पाहिलं. शेजारी कुशाबानं चहा ओतता ओतता किटली तशीच धरली होती. चिमाजीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. दर सगळ्यांना सारखा, असं तोच गेले दोन महिने ओरडून सांगत होता. तेव्हा सगळे म्हणजे कोण, हे त्यानं मनाशी धरलं नव्हतं. आत रत्ना पाणी घेऊन आली होती. तिनं कुणाकडे न बघता गरम पाण्याची वाटी फळीवर ठेवली, शेजारी ब्रश ठेवला आणि खुर्चीवरची धूळ पदरानं पुसली.

"बस," चिमाजी म्हणाला.

त्यानं साबण लावायला घेतला. दाढी राठ होती, तीन दिवसांची. कानाखाली एक मोठा तीळ होता. एका बाकावर बसून दोघं पाढे म्हणायचे, पण हा तीळ चिमाजीनं कधी पाहिला नव्हता. इतक्या जवळ तो कधी गेलाच नव्हता. सोपाननं डोळे मिटले होते, पण त्याच्या गळ्याची शीर उडत होती. चिमाजीनं फेस चांगला दाट केला, कानापर्यंत नेला.

तेवढ्यात जीप थांबली. सयाजी उतरला. नवं धोतर, हातात पत्रिकांचा गठ्ठा. खुर्चीत कुणीतरी फेसानं तोंड भरून मागं मान टाकून पडलंय एवढंच त्याला दिसलं. तो दारातच फळकुटावर बसला आणि बोलायला लागला. झालं गेलं विसरून जा म्हणाला. एका गावात राहायचं, एकमेकांची तोंडं बघायची, तेढ कशाला. गोजर असती तर तिनंच तुला समजावलं असतं, असंही म्हणाला. गोजरचं नाव निघाल्यावर चिमाजीनं वस्तरा उघडला.

"मांडवात ये. नवरदेवाला आरसा दाखव. तुला पोशाख, पोरीला लुगडं. आन आरशावर पडंल ते समदं तुजं. खळं लोटायला कुनी सांगनार न्हाई, मी बोलतो ना."

चिमाजीनं कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत वस्तरा एकाच ओढीत खाली आणला. फेस निघाला आणि गाल उघडा पडला. सोपाननं डोळे उघडले आणि आरशातून सयाजीकडे पाहिलं.

सयाजी उठून उभा राहिला.

"उठीव त्याला."

"अर्धी झालीय, पाटील."

"त्याच वस्तऱ्यानं माज्या पोराची करनार तू?"

"ब्लेड हरेकाला नवं टाकतो. दरात धरलंय."

कुशाबाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. सयाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चिमा, गाव तुला वाळीत टाकील, पोरीच्या लग्नाला कुणी उभं राहणार नाही, असं तो एक एक सांगत गेला. चिमाजीनं वस्तरा टॉवेलला पुसला.

"पाठवा नवरदेवाला. हितंच बसंल. दाढीचे चार. आरसा भिंतीला हाय, त्येचा त्यो बघंल. आमच्या घरातल्या मानसानं तुमचं खळं लोटलं, तिचं तुमी कदी मापून घेतलं न्हाई म्हनालात. आमी बी मापलं न्हाई. आता दोगं बी मापून घेऊ."

सयाजीनं पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारला. रत्नाकडे एकदा पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. जीप वळताना धूळ उडाली आणि साबणावर बसली.

"मी उठू का, चिमाजीभाऊ?" सोपाननं हळू विचारलं. "तुला लई म्हागात पडंल."

"हलू नको, कापंल."

त्यानं फेस पुन्हा लावला, दुसरा गाल केला, हनुवटीखालचं उलट्या हातानं साफ केलं, तिळाला चुकवून वस्तरा फिरवला. तुरटी लावली. सोपान उठला, आरशात दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि खिशातून पाचाची नोट काढली. ती देताना तो थांबला.

"घोडेगावला मी दर येळला वर ठेवतो. खुशीनं न्हाई. पुडल्या येळला परत बसू द्यावं म्हनून. तुला ठेवू का?"

"ठेवलीस तर पुडल्या येळला बसू देनार न्हाई."

चिमाजीनं नोट घेतली आणि एक रुपया त्याच्या हातावर ठेवला. सोपाननं रुपया खिशात टाकला आणि कालव्याच्या वाटेला लागला. कुशाबाची टपरी ओलांडताना त्याची चाल काही बदलली नाही.

रत्नानं खुर्चीखालचे केस लोटून काढले. चिमाजीनं जुनं ब्लेड काढून नवं बसवलं, टॉवेल झटकला आणि खुर्चीमागं उभा राहिला.

"चला, कोन हाय?" त्यानं हाक दिली.

रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं परत हाक दिली, आधीपेक्षा मोठ्यानं.